कोसला परत वाचायचीय? आधी जुनी कॉपी लपवून ठेवा

माझा भाचा वीस वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलला असतो. मागच्या दिवाळीत आमच्याकडे भांडुपला आला आणि जाताना माझ्या कपाटातली कोसला, भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी, उचलून घेऊन गेला. आठवड्याभरानं त्यानं एक फोटो पाठवला. पानाच्या कडेला निळ्या पेनानं, माझ्याच गिचमिड अक्षरात लिहिलेलं, ‘एक्झॅक्टली मी!!’ आणि खाली त्याचा मेसेज, मावशी, तू हॉस्टेलला कधी होतीस?

कधीच नव्हते. लालबागला चाळीत दोन खोल्यांत आम्ही सात माणसं, कॉलेज दादरला आणि दिवेलागणीच्या आत घरी. १९९९ साली मी एकोणीस वर्षांची होते, पुणं तोवर एकदाच पाह्यलं होतं तेही लग्नाच्या वऱ्हाडात, आणि खानदेशातनं पुण्यात शिकायला आलेल्या, बापाच्या पैशावर राहणाऱ्या, सगळ्याला कंटाळलेल्या पोराबद्दल वाचून मी लिहिते काय तर एक्झॅक्टली मी. इतकी लाज वाटली की त्याच आठवड्यात ठरवलं, परत वाचायची. आणि आता वाचून झाल्यावर, हे कसं करावं नि कसं करू नये ते इथे लिहून ठेवतेय, कारण मी अर्ध्या गोष्टी आधी चुकीच्या केल्या.

पहिलं म्हणजे पुस्तक कुठलं घ्यायचं. साधा नियम, साधारण पंधरा ते बावीसच्या मधे वाचलेलं पाहिजे, त्या वेळी डोक्यात भिनलेलं पाहिजे आणि नंतर परत न उघडलेलं पाहिजे. दर दोन वर्षांनी वाचत असाल तर ती सवय झाली, त्यात अचानक काही नवीन दिसायचं नाही. त्या वेळी आवडलंच नव्हतं तेही नको, त्याचा हिशोब वेगळा. आपल्याकडे बहुतेकांचं उत्तर तीन-चार पुस्तकांतच असतं, श्यामची आई, शाळा, कोसला. श्यामची आई तर आपण इतक्या लहानपणी वाचतो की ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं आहे हे डोक्यातच राहत नाही, आणि शाळा पोरवयात वाचणाऱ्याला शिरोडकर, ती नायकाला आवडणारी वर्गातली मुलगी, दिसते, आणीबाणी दिसत नाही. दोन्ही परत वाचायला एकदम मस्त. फक्त एक, मधल्या काळात सिनेमा पाह्यला असेल तर तो डोळ्यांपुढनं हलत नाही. शाळाचा २०१२ मधे आला, श्यामची आईचा तर १९५३चा, अत्रेंचा. कादंबरी वाचताना सारखे त्यातलेच चेहरे यायला लागले तर काही दिवस थांबा नाहीतर दुसरं पुस्तक घ्या. मी कोसलाच घेतली, भाच्यामुळे, त्यामुळे पुढची उदाहरणं सगळी तिचीच येणार.

आता पुस्तक हातात घ्यायच्या आधीचं काम. एक कागद घ्या, पंधरा मिनिटं लावा, आणि त्या पुस्तकातलं जे काय आठवतंय ते लिहून काढा. नेटवर बघायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. मला हे भाच्यानं नाही, माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं आणि मला आधी येडपटपणा वाटला, पण सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच झाला. माझ्या कागदावर होतं: पांडुरंग सांगवीकर, पंचवीस वर्षांचा. उदाहरणार्थ. वगैरे. हॉस्टेल, मित्र, मेस. बाप कडक. धाकटी बहीण मरते. तो शेवटी डिग्री लाथाडून गावाला परत जातो. बास, तीनशेच्या वर पानांच्या कादंबरीतलं एवढंच, आणि मी वीस-पंचवीस वर्षं लोकांना सांगत होते की माझं सगळ्यात आवडतं पुस्तक कोसला.

त्यातलंही अर्धं चूक. डिग्री त्यानं लाथाडली वगैरे काही नाही, त्याचं शिक्षण नुसतं फसत जातं, ते लाथाडणं मी माझ्या पदरचं घातलं होतं कारण तेव्हा मला बी.कॉम. सोडायचं होतं आणि धीर होत नव्हता. बहिणीचं मरण माझ्या आठवणीत कादंबरीच्या शेवटाला होतं, तसं नाहीये, तिच्यानंतर पुस्तक बरंच उरतं, आणि ते उरलेलं पुस्तकच वाचायला जड आहे. अजिंठ्याची लेणी बघायला जातात तो भाग तर साफ पुसला गेला होता. म्हणजे हा कागद जपून ठेवा. आपण काय विसरलो यापेक्षा काय घुसडलं ते बघायला जास्त मजा येते.

दुसरं, कॉपी. जुनी कॉपी वापरू नका. माझी भाच्याकडे होती म्हणून आपोआप झालं, पण मुद्दाम करावं असं आहे. जुन्या कॉपीत तुमच्या रेघा असतात, आणि रेघ दिसली की डोळा तिथेच जातो, मग परत तुम्ही तेच वाचता जे एकोणिसाव्या वर्षी वाचलं होतं. जुनी कॉपी असेल तर माळ्यावर, पिशवीत, वर गाठ.

नवी कुठून आणायची. दादर स्टेशनच्या बाहेर मराठी पुस्तकांची दुकानं आहेत, शिवाजी मंदिरात खाली आहे, कोसला कायम असते, पहिली आवृत्ती १९६३ला पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली होती, आता पॉप्युलर प्रकाशनाची मिळते. विकत नको असेल तर लायब्ररी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, दादर पूर्वेला मोठी इमारत आहे, आणि लायब्ररीच्या कॉपीचा एक वेगळा फायदा की त्यात दुसऱ्या लोकांच्या रेघा असतात. आपल्या नकोत पण लोकांच्या चालतील, कोणाला कुठे काय लागलं ते बघायला बरं वाटतं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर नाहीतर फोर्टला सेकंडहँड मिळतं पण तिथे इंग्लिशच जास्त, मराठी मिळालं तर नशीब, आणि घ्यायच्या आधी मधली पानं आहेत का ते चाळून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ घेऊ नका, लिहिणाऱ्याचे पैसे बुडतात हे तर आहेच, पण स्कॅन केलेल्या पीडीएफमधे कोसला वाचणं म्हणजे गर्दीत उभं राहून जेवण्यासारखं आहे, पोट भरत नाही नि डोकं दुखतं.

पुस्तक उघडायच्या आधी आणखी एक, दहा मिनिटांचं. त्या काळाची दोन-चार सालं आणि लिहिणाऱ्याचं वय बघून ठेवा. जास्त नको, प्रस्तावना-बिस्तावना समीक्षा आत्ता वाचू नका, नंतर. नुसती सालं. महाराष्ट्र राज्य झालं १९६०ला, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला १२ जुलै १९६१ला, चीनचं युद्ध १९६२, आणि कोसला त्याच्या पुढच्या वर्षी. नेमाडे १९३८चे, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा पंचवीस. हे मला माहीत होतं पण कळलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी पुस्तकावर नाव असलेला माणूस म्हणजे कोणीतरी म्हातारे सर वाटतात, पुढे ज्ञानपीठ मिळालं तेव्हा तर पेपरात फोटोच तसे आले. आता पंचेचाळिशीत वाचताना सारखं मनात येत होतं की हे सगळं एका पंचवीस वर्षांच्या पोरानं लिहिलंय, आमच्या बँकेत परवा जॉइन झालेला ज्युनिअर यापेक्षा मोठा आहे. मग काही ठिकाणी जिथे पूर्वी मी मान डोलावली होती तिथे म्हटलं, अरे बाळा, थांब जरा.

वाचायचं कुठे. मी ट्रेनमधे वाचते कारण दुसरीकडे वेळच नाही. भांडुपवरनं सीएसएमटी, स्लो पकडायची, पाऊण तासाच्या वर मिळतो, फास्टच्या नादी लागू नका, तिथे पुस्तक काय हातही वर करता येत नाही. पण कोसला ट्रेनमधे वाचायची एक अडचण आहे, तिचे परिच्छेद लांब नि वाक्यं एकात एक गुंतलेली, मधेच घाटकोपरला कोणी म्हटलं जरा सरका की धागा तुटतो, आणि परत सुरू केलं की पांडुरंगचा तो आवाज लगेच लागत नाही. म्हणून नियम केला, परिच्छेद संपेपर्यंत मान वर करायची नाही, सरकायचं पण वाचत सरकायचं. मोबाईल एअरप्लेन मोडवर. आणि रोज पहिलं अर्धं पान मोठ्यानं वाचायचं, घरी, चहा उकळेपर्यंत. हे खरंच करून बघा. मनातल्या मनात वाचलं की मला माझाच, लालबागचा सूर ऐकू येत होता, मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं की हा पोरगा लांबून आलाय, पुण्यातल्या पोरांसारखं बोलायला बघतोय आणि मधेच त्यांचीच टर उडवतोय. आणि हसू येतं! मी पार विसरले होते की कोसला हसवते. कॉलेजमधे आम्हाला शिकवताना अस्तित्ववाद, परात्मता असले शब्द फळ्यावर लिहिलेले, त्यामुळे आम्ही सगळ्या गंभीर चेहरा करून वाचायचो. भाचा वाचताना मला हसण्याचे व्हॉइस नोट पाठवत होता, हॉस्टेलच्या पानांवर तर लोळलाच तो. त्याला कोणी फळा दाखवला नव्हता.

पेन्सिल ठेवा जवळ, पण आवडलेल्या वाक्यांखाली रेघा मारत बसू नका, ते आपण पूर्वी केलंय. एक काहीतरी मोजायला घ्या. कोसलात सोपं म्हणजे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’. दिसलं की कडेला ठिपका. ठिपके कुठे दाट होतात नि कुठे विरळ होतात ते तुमचं तुम्ही बघा, मी सांगणार नाही, पण मला तरी त्यावरनं कळलं की तो शब्द नुसती बोलायची लकब नाहीये, अंगावर काही येऊ नये म्हणून धरलेली छत्री आहे. तुमचं पुस्तक दुसरं असेल तर दुसरं काही मोजा. जेवणं मोजा. कोण कोणाला हाक कशी मारतं ते मोजा.

मी आणखी एक मोजलं, पैसे. कारण नोकरीच ती, दिवसभर कर्जाच्या फायली बघते, त्यातल्या अर्ध्या शिक्षणाच्या. वहीत दोन बाजू केल्या, बापाकडनं आलेले आणि पांडुरंगनं घालवलेले. पूर्वी मला यात फक्त बापाचा जाच दिसला होता. आता सगळ्यांना वाटेल मी म्हणणार की आता मी बापाच्या बाजूनं आहे, कारण पोरं मोठी झाली की सगळे असंच म्हणतात. तर नाही. बाप अजूनही मला आवडत नाही. पण वही भरत आली तेव्हा एक भलतंच दिसलं. या हिशोबात दोनच माणसं आहेत, बाप नि मुलगा. एक पैसे देतो नि बोलतो, दुसरा उडवतो नि कुढतो, आणि घरातल्या बायका, आई, आजी, बहिणी, यांच्या नावानं माझ्या वहीत एकही ओळ पडली नाही. म्हणजे कंटाळायला सुद्धा कोणालातरी पैसे भरावे लागतात. नापास व्हायला, परत यायला, ओट्यावर बसून राह्यला मुभा लागते. लालबागच्या खोलीत मी जे एक्झॅक्टली मी लिहिलं होतं, ती मुभा मला एका वर्षाचीही कोणी दिली नसती, मी एक विषय राहिला असता तर स्थळं बघायला सुरुवात झाली असती. तेव्हा हे का नाही दिसलं? कारण वाचताना मी पोरगाच होऊन वाचत होते, दुसरी जागाच नव्हती उभं राह्यला. याचा राग नाही आला मला, पुस्तकावर तर नाहीच, उलट पांडुरंग स्वतःला जेवढा फुकट गेलेला समजतो त्यात हे सगळं त्याला कळतंय असं मला यावेळी वाटत राह्यलं.

सांगायचं काय, तर एक धागा धरा, आणि तो तुमच्या रोजच्या कामातला धरा. नर्स असाल तर आजारपणं बघा, शिक्षक असाल तर मास्तर बघा, रिक्षा चालवत असाल तर कोण कुठे कसं जातं ते बघा. ज्याच्यातलं आपल्याला कळतं तिथेच पुस्तक नवं बोलतं, बाकी ठिकाणी आपण लोकांचं ऐकलेलं परत म्हणतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यावर मी जरा थांबणार आहे. पुस्तकातली एक अशी गोष्ट शोधा जी आता जगात उरलेली नाही, आणि तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे देवी, स्मॉलपॉक्सचा आजार. पांडुरंगची धाकटी बहीण अंगावर देवी येऊन जाते. एकोणीसची असताना देवी हा शब्द मी नुसता ओलांडून गेले होते, आजार कुठला याला काय महत्त्व, मरण महत्त्वाचं, मरणाचा अर्थ, जगण्याचा निरर्थकपणा, फळ्यावरचं सगळं. यावेळी तो भाग ट्रेनमधे आला. (हा भाग ट्रेनमधे वाचू नका. कुर्ल्यापासून माझे डोळे गळत होते आणि समोरच्या खिडकीतल्या बाईंनी न बोलता मला उठवून आपली जागा दिली.) त्या संध्याकाळी आईकडे गेले, म्हटलं आई, देवी म्हणजे नक्की काय गं व्हायचं. तिनं बाही वर केली. दंडावर तो गोल खळगा, जो मी जन्मापासून बघतेय आणि ज्याचं मला कधी काही वाटलं नाही. म्हणाली, टोचणारे चाळीत आले की आम्ही पोरं माळ्यावर लपायचो, माझ्या आईनं मला केसाला धरून खाली ओढली होती. मग तिच्या मावशीबद्दल बोलली जिच्या तोंडावर वण होते म्हणून जिचं लग्न झालं नाही. हे मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं ना.

मग मी जरा शोधलं. देवीची लस जेन्नरनं काढली १७९६ साली. आपल्या देशात पहिली लस टोचली ती इथेच, मुंबईत, १४ जून १८०२ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. देशभर देवी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला १९६२ला. भारतातली शेवटची केस १९७५, आणि १९८० साली जगातनं गेली म्हणून जाहीर झालं, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी. म्हणून माझ्या दंडावर तो व्रण नाही.

आता हे सगळं घेऊन ती पानं परत वाचा. लस होती. दीडशेच्या वर वर्षं होती, मुंबईत तर सगळ्यात आधी होती, पण ती त्या पोरीच्या दंडापर्यंत पोचली नाही. तिचं मरण अटळ वगैरे नव्हतं. पांडुरंगचा त्या पानांवरचा थयथयाट, घरच्यांवरचा, गावावरचा, जो मला पूर्वी दुःखानं वेडा झालेल्या माणसाची बडबड वाटला होता, तो यावेळी मला जागच्या जागी वाटला. कोणीतरी काहीतरी करायला पाहिजे होतं आणि नाही केलं, असा राग आहे तो. मला नाही वाटत अस्तित्ववाद चुकीचा आहे, असेल तोही, पण फळ्यावर त्या दिवशी कोणीतरी ‘देवी’ एवढं लिहून सालं लिहिली असती तर आम्ही सगळ्या जणींनी घरी जाऊन आयांचे दंड बघितले असते.

बाकी किरकोळ. कंटाळा आला तर? येणार. गावाकडच्या भागात मला दोनदा आला, दहा दिवस पुस्तक पिशवीत नुसतं फिरत होतं भांडुप ते सीएसएमटी. पानं गाळू नका, पण रोज दोनच वाचा, चालतं. आणि काही जागी पुस्तक लहान झाल्यासारखं वाटेल, पूर्वी भारी वाटलेली वाक्यं आता पोरकट वाटतील, तर ते तसं कडेला लिहा, आवडत्या पुस्तकाची बाजू घ्यायची ड्यूटी नाहीये आपली. संपल्या संपल्या नेमाड्यांचं पुढचं सुरू करू नका, निदान महिनाभर. समीक्षा आता वाचलीत तरी चालेल, आता तुमच्याकडे भांडायला काहीतरी आहे.

मग माळ्यावरची जुनी कॉपी काढा, तो पंधरा मिनिटांचा कागद काढा, नवी कॉपी घ्या, तिन्ही शेजारी शेजारी. जुन्या रेघा खोडू नका, कितीही लाज वाटली तरी. नव्या कॉपीवर पहिल्या पानावर तारीख टाका.

माझी जुनी कॉपी मात्र अजून परत आलेली नाही. भाच्याला सांगितलं फोटो काढून पाठव सगळ्या पानांचे जिथे मी लिहिलंय, तर त्यानं सत्तावीस फोटो पाठवले. एक्झॅक्टली मी अकरा ठिकाणी आहे. बहीण जाते त्या पानांवर काहीच नाही, कोरं, एक रेघसुद्धा नाही. आणि एका फोटोत, माझ्या निळ्या अक्षराच्या खाली, पेन्सिलनं, त्याच्या अक्षरात, ‘मी पण.’ त्याला विचारलं नाही अजून कशाबद्दल. मे महिन्यात येईल तेव्हा आजीकडे घेऊन जाणार आहे, तो दंड त्यानंही बघितलेला नाहीये.